कुणाची गोळी मानवली

माझ्या सासूबाईंना कशाबद्दलही विचारा, उत्तर एकच येतं. "छान आहे." भात खाली लागला तरी छान आहे. पलंगाची गादी मधोमध खचलेली, सकाळी उठताना कंबर धरून बसतात, तरी छान आहे. लग्न झालं तेव्हा मला हा स्वभाव फार आवडला होता. माझ्या मैत्रिणी आपापल्या सासवांची गाऱ्हाणी सांगायच्या तेव्हा मी मनातल्या मनात हसायचे. पण गोळ्यांचं प्रकरण सुरू झालं आणि याच दोन शब्दांनी माझ्या नाकीनऊ आणले.

आई, म्हणजे सासूबाई, न्हाणीघराच्या दारात ओल्या लादीवरून घसरल्या. हाड शाबूत राहिलं, पण डावा गुडघा असा सुजला की वाटी कुठे आहे ते बोटाने चाचपून शोधावं लागे. आणि मला पहिल्या तारखेला कामावर रुजू व्हायचं होतं.

मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. बाळंतपणाची रजा संपली, मग बिनपगारी वाढवून घेतली, मग तीही पुन्हा वाढवली. आमच्या मॅडमनी शेवटी फोनवर सरळ सांगितलं, "जागा धरून ठेवली आहे. यापुढे नाही धरता येणार." आमची ढमी तेव्हा सव्वा वर्षाची. नाव वेगळं आहे, पण गालांकडे पाहून जी ढमी झाली ती झाली. नुकती चालायला लागलेली, म्हणजे खरं तर पळायलाच. पाळणाघर मी पाहून आले होते. तिथल्या बाईंनी माझ्यादेखत एकाच रुमालाने ओळीने पाच नाकं पुसली. मी चौकशीचा कागद हातात तसाच धरून जिना उतरले.

"कशाला हवंय पाळणाघर?" आई म्हणाल्या होत्या. "मी आहे ना."

"आई आहे ना," नवराही म्हणाला होता. हे तो आई पडण्याआधी म्हणाला, आणि त्या पडल्यानंतरही तेच म्हणाला. मध्ये एक गुडघा आला आहे हे त्याच्या गावीच नव्हतं.

तर सगळं त्या गुडघ्यावर येऊन अडकलं. महिन्याभरात सूज उतरली तर माझी नोकरी राहणार, नाही तर नाही.

डॉक्टरांनी सुरुवातीला वेदनाशामक दिलं. त्याने आईंना इतकी जळजळ झाली की दोन दिवसांत बंद करावं लागलं. मग डॉक्टर म्हणाले, सूज उतरायला एन्झाइमची गोळी देऊन पाहा, प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमची. दोन-तीन प्रकार मिळतात, काहींना एक चालते, काहींना दुसरी. "जी मानवेल ती घ्या. मुख्य म्हणजे फिजिओने दिलेला व्यायाम करा."

व्यायामाचं वाक्य घरी कुणी ऐकलंच नाही. "जी मानवेल ती" मात्र सगळ्यांनी ऐकलं, आणि प्रत्येकाने आपापली गोळी काढली.

नवऱ्याने कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून लाल गोळी आणली. डॉक्टरांनी पहिलं नाव तिचंच लिहिलं होतं, म्हणून ती अधिकृत. नणंद, म्हणजे ताई, दुसऱ्या शहरात असते आणि खाण्यापिण्याबद्दल तिची फार ठाम मतं आहेत. तिने अननसातल्या एन्झाइमची कॅप्सूल कुरिअरने पाठवली. पिवळी, फुगीर, बाटलीवर अननसाचं चित्र. "वहिनी, हे नैसर्गिक आहे हं. त्या लाल गोळीत काय असतं कुणाला माहीत!" मामांना, म्हणजे आईंच्या धाकट्या भावाला, हे कळलं. ते पूर्वी मुलांना फुटबॉल शिकवायचे, त्यामुळे जगातल्या सर्व गुडघ्यांवर आपला हक्क आहे असं त्यांना वाटतं. दुसऱ्याच दिवशी ते पपईच्या चघळायच्या गोळ्यांची बरणी काखेत मारून दारात उभे.

"अक्का, माझी सगळी टीम यावर खेळली. सूज? कुठली सूज! सकाळी घे, संध्याकाळी पळ."

"छान आहे," आई म्हणाल्या. अजून झाकणही उघडलं नव्हतं.

मला माहिती होती, म्हणून मी ती सांगितली. लाल गोळीतलं एन्झाइम जिवाणूंपासून मिळतं, आणि तो जिवाणू मूळचा रेशमाच्या अळीच्या पोटात सापडला होता. पतंग कोषातून बाहेर पडताना त्याचाच उपयोग होतो, असं मी कॉलेजात शिकले होते.

"अळीच्या पोटातला?" आईंनी हातातल्या गोळीकडे पाहिलं. "अगं बाई."

"नको असेल तर..."

"नाही नाही. छान आहे."

मी ठरवलं, हे असं चालायचं नाही. प्रयोगशाळेत आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो. एक आठवडा लाल, मग काही दिवस काहीच नाही, मग एक आठवडा अननस, मग पुन्हा थांबायचं, मग पपई. जेवण रोज साधारण सारखं. पोट बिघडतं का, मळमळतं का, अंगावर पुरळ येतं का, गुडघा किती वाकतो, एवढंच बघायचं. कागदावर तक्ता वगैरे मांडला नाही. मांडला असता तर आई परीक्षेला बसल्यासारख्या घाबरल्या असत्या. बाकीच्या दोन गोळ्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या, ढमीचा हात पोचू नये म्हणून. ताईला आणि मामांना समजावून सांगितलं. ताई म्हणाली, "हो हो, तुझं बरोबर आहे." मामा म्हणाले, "सूनबाई शास्त्रज्ञ आहे आमची." नवरा मोबाइलमधून मान वर न काढता "बरं" म्हणाला. मला वाटलं, चला, एवढं तरी सरळ झालं.

लाल गोळीच्या तिसऱ्या दिवशी आईंचं पोट बिघडलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण संडासाच्या टाकीचा आवाज लपत नाही. आमचं घर दोन खोल्यांचं. ढमीला भरवता भरवता मी कान देऊन बसायचे.

"आई, पोट बरं आहे ना?"

"छान आहे."

"आता दुसऱ्यांदा गेलात."

"पाणी जास्त प्यायले असेन."

मी मनाशी नोंद केली, लाल नाही मानवत. गोळी थांबवली. मधले दिवस आले. या दिवसांत पोट ताळ्यावर यायला हवं होतं, पण ते आलं नाही. मला वाटलं, परिणाम रेंगाळत असेल. मग अननस सुरू केला. पोट तसंच, आणि वर जीभ चुरचुरते असं त्या एकदा चुकून बोलून गेल्या आणि लगेच म्हणाल्या, "पण छान वाटतं चुरचुरलं की." पुन्हा मधले दिवस. पुन्हा तेच. टाकीचा आवाज काही थांबेना.

आता मला रागच यायला लागला. आईंचा नाही. कुणाचा ते सांगता येत नाही असला राग. मी त्यांचा चहा कमी केला. दूध बंद केलं. पाणी उकळून द्यायला लागले. भाजीतलं तिखट काढलं, मग तेल काढलं, शेवटी भाजीच काढली आणि त्या माउलीला तीन दिवस नुसत्या भातावर ठेवलं. त्याही "छान आहे" म्हणत जेवल्या. नवरा ताटाकडे बघून म्हणाला, "हे काय? आपण सगळे आजारी आहोत का?"

"तू बाहेर खाऊन येत जा," मी म्हणाले. "माझा प्रयोग चाललाय."

"अगं, प्रयोग कसला करतेस, ती माझी आई आहे."

"मग तू बघ ना! सकाळी जातोस तो संध्याकाळी उगवतोस. गुडघा किती वाकतो सांग बरं तिचा?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. तो खोक्यांवरच्या छपाईच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला असतो, संध्याकाळी येतो, ढमीला हवेत उडवतो, आईला विचारतो "बरं आहे ना?" आई म्हणतात "छान आहे." झाली त्याची तपासणी.

फिजिओ मुलगी आठवड्यातून एकदा यायची. आईंना पाय सरळ करून टाच वर उचलायला सांगायची. आई दात घट्ट आवळून उचलायच्या. घामाने कानशिलं ओली व्हायची.

"दुखतंय का, आजी?"

"नाही गं, छान आहे."

ती मुलगी माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे बघायचे. अशा माणसाला विचारून काय कळणार? गुडघा मात्र विचारल्याशिवायच सांगत होता, मी फारसा सुधारलेलो नाही. पपईच्या आठवड्यात त्यांच्या हातावर निळसर डाग दिसले. जरा कशाला दंड लागला की डाग. मी घाबरले. या एन्झाइमांनी रक्त थोडं पातळ होऊ शकतं हे मला माहीत होतं, पण एका गोळीने एवढं? डॉक्टरांना फोन केला, तर ते बाहेरगावी, उद्या येणार. पहिली तारीख जवळ येत होती. मॅडमचा निरोप आला : "तुमचं टेबल साफ करून ठेवलंय." माझं टेबल साफ होतं आणि माझा प्रयोग असा, की कुठल्याही गोळीबद्दल छातीठोकपणे एक वाक्य सांगता येईना. लाल नको म्हणावं तर अननसावरही तेच. अननस नको म्हणावं तर काहीच न घेताही तेच. माझ्या लॅबमधल्या कुणी असले निष्कर्ष आणून दिले असते तर मी त्याला विचारलं असतं, बाबा रे, काचेची भांडी धुतली होतीस का?

आईंचा एक चष्म्याचा डबा आहे. जुना, कडक, काळा. बंद करताना टक्कन वाजतो. तो त्यांच्या झग्याच्या खिशात असतो. ढमीला त्या आवाजाचं वेड. आजीच्या मांडीशी उभी राहून ती "टक, टक" म्हणत डबा मागायची आणि आईंनी एरवी तिला स्वतःचा कानही उपटून दिला असता, पण तो डबा काही द्यायच्या नाहीत. "काच आहे गं सोन्या." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, बघा, किती जपतात.

फोन केल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. आई खुर्चीत डुलकी घेत होत्या. ढमी जमिनीवर डबे-झाकणं खेळत होती. मला आतून टक्कन आवाज आला. मग पुन्हा एकदा. मग काहीच नाही.

मी हातातला टॉवेल टाकून आत धावले. ढमी पलंगाच्या कडेला बसली होती. समोर आजीच्या खिशातून सरकलेला चष्म्याचा डबा उघडा. तिच्या ओठांवर, हनुवटीवर, बोटांवर पिवळी पूड. फरशीवर कॅप्सूलचं अर्धं टरफल, आणि शेजारी दोन गोळ्या. एक लाल, एक पपईची.

मी किंचाळले असेन, कारण आई दचकून उठल्या आणि उठताना गुडघ्यावर भार पडून "आई गं" म्हणाल्या. मी ढमीच्या तोंडात बोट घातलं, पूड काढली, चूळ भरायला ती शिकलेली नाही म्हणून ओल्या फडक्याने जीभ पुसली, पाणी पाजलं. ती रागाने लाल होऊन रडायला लागली. रडतेय म्हणजे श्वास चांगला आहे, असं मी स्वतःला मोठ्याने सांगत होते. डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. नशिबाने ते आलेले होते.

"किती गेली पोटात?"

"अर्धीच्या आत. बाकी तोंडावर आणि फरशीवर."

"ओठ सुजलेत? पुरळ? खोकतेय?"

"नाही. ओठांभोवती लाल झालंय."

"ते पूड लागल्यामुळे. धुऊन घ्या, पाणी पाजा, लक्ष ठेवा. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर लगेच थेट इस्पितळात. नाही तर घाबरू नका." आणि म्हणाले, "पण ती हाताला लागली कशी?"

"तेच विचारते आता," मी म्हणाले.

ढमीला मी कडेवर घट्ट धरून बसले. तिचे ओठ बघत होते. आई खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून अवघडून उभ्या होत्या, बसेनातही. मी खाली पडलेल्या गोळ्यांकडे बघितलं. आठवडा पपईचा चालू होता. लाल आणि अननस फळीवर असायला हवे होते.

"आई, या तुमच्या डब्यात कशा?"

त्यांनी रिकामा खिसा चाचपला.

"आई!"

"संध्याकाळच्या. दुपारीच फळीवरून काढून ठेवते," त्या म्हणाल्या. "ताईचा फोन येतो ना, तू ढमीला आंघोळ घालतेस तेव्हा. व्हिडिओवर. ती म्हणते, आई, माझी घेतलीस का? दाखव बरं. मग तिच्यासमोर घेते."

"पण ताईला तर मी सांगितलं होतं!"

"ती म्हणाली, वहिनीला नको सांगूस, तिला वाईट वाटेल." आईंनी डोळे मिचकावून पाणी मागे ढकललं. "आणि मामा येतो तो, तू चहा टाकायला गेलीस की, समोर बसून चघळायला लावतो. आणि हा रात्री विचारतो, आई, लाल घेतलीस ना? म्हणजे घेतलेली बरी."

"तुम्ही रोज तिन्ही घेताय? पहिल्यापासून?"

"आणि तू देतेस ती."

"मी त्यांतलीच एक देते, आई! म्हणजे एक दोनदा!"

"हो का?" त्या खरंच विचारात पडल्या. "मग म्हणूनच असेल."

मला हसावं की डोकं भिंतीवर आपटावं कळेना. तीन आठवडे मी त्या बाईंचं दूध तोडलं, भाजी तोडली, पाणी उकळलं. आणि पोटात रोज अळी, अननस आणि पपई एकत्र नांदत होती.

"नुसतं 'घेतली' म्हणायचं होतं त्यांना! फोनवर कोण बघतंय पोटात?"

"खोटं कसं बोलू?" आई म्हणाल्या. अगदी साधेपणाने. "एवढ्या लांबून पाठवली तिने. नाही घेतली म्हटलं तर तिला वाटणार, भावाची घेते, माझी नाही. मामाला वाटणार, अक्काला लेकीचीच गोळी गोड. आणि घेतली नाही नि घेतली म्हणायचं, ते मला जमत नाही. म्हणून घ्यायचे."

"आणि त्यांना काय सांगायचात?"

"छान आहे. मानवतेय."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

ढमी रडून दमली होती. माझ्या खांद्यावर नाक पुसत होती. ओठ सुजले नव्हते, लाली होती तेवढीच होती. मी आईंकडे बघत होते. बाईचं पोट बिघडलंय, हात निळे पडलेत, जीभ चुरचुरतेय, आणि ती तीन ठिकाणी तिघांना "मानवतेय" म्हणतेय. आणि एकदम आठवलं, की असंच 'हो' ती मलाही म्हणाली होती.

"आई," मी हळू म्हणाले, "ढमीला सांभाळेन म्हणालात. तेही असंच?"

त्यांनी खाली वाकून चष्म्याचा डबा उचलायला हात पुढे केला. गुडघा वाकेना. हात फरशीपासून वीतभर वरच राहिला. मी उचलून दिला. त्यांनी तो बंद केला, टक्कन, आणि नुसता हातात धरून उभ्या राहिल्या.

"आई, सांगा ना. मला वाईट नाही वाटणार." हे खरं नव्हतं. मला फार वाईट वाटणार होतं. पण त्या वेळी दुसरं काय म्हणणार?

"त्या दिवशी तू खाली दूध आणायला गेली होतीस," त्या म्हणाल्या. "ही खिडकीखालच्या खुर्चीवर चढली. मी इथे बसलेली. उठायला गेले तर पाय ऐकेना. मी हाका मारत राहिले, ही हसत राहिली. मग आपली आपण उतरली. मला वाटलं, अजून थोडी सूज उतरली की जमेल. म्हणून मी गोळ्या सगळ्या..." त्या थांबल्या. "मला नाही गं झेपणार ती. एकटीला नाही. बसून खेळवेन, गोष्टी सांगेन, भरवेन. पण तिच्या मागे धावणारं कुणीतरी हवं."

"मग बोलला का नाहीत?"

"पाळणाघर बघून आलीस तेव्हा तुझं तोंड बघितलं होतं मी," आई म्हणाल्या. "कशी बोलणार?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि ढमीला त्यांच्या मांडीवर दिलं, चांगल्या पायाच्या बाजूने. ढमीने लगेच डब्यासाठी हात पुढे केला. मी तो आधी नळाखाली धुतला, आत बोट फिरवून पुसला, आणि मगच दिला. फळीवरच्या तिन्ही गोळ्या काढून एका पिशवीत भरल्या आणि पिशवीचं तोंड दोनदा गाठ मारून बांधलं. मग पुन्हा डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगितलं. तिन्ही नावं त्यांनी पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, "सगळं बंद. आठवडाभर काहीही नको. डाग उद्या येऊन दाखवा. आणि व्यायाम?"

"करतात. दात घट्ट आवळून."

"तोच चालू ठेवा."

संध्याकाळी नवरा आला. ढमीला उडवायला हात पुढे केले तर मी म्हणाले, "आधी बस." सगळं सांगितलं. अननसाची पूड, चष्म्याचा डबा, खिडकीखालची खुर्ची. त्याचं तोंड आधी पांढरं झालं, मग लाल.

"आई, तू असं कसं..."

"तिला ओरडू नकोस," मी म्हणाले. "तूही रोज रात्री विचारायचास ना, लाल घेतली का? तिला कळायचं, 'नाही' म्हटलं तर तुझं तोंड उतरेल."

"मी काळजीने विचारायचो."

"सगळेच काळजीने विचारत होतो. मी पण."

त्याने दोन्ही हातांची बोटं मोडली. मग ज्याची मला भीती होती तेच म्हणाला. "मग आता पहिल्या तारखेचं काय? आई आहे ना, थोडे दिवस कसंबसं..."

"नाही रे," आई म्हणाल्या.

आम्ही दोघंही त्यांच्याकडे वळलो. इतक्या वर्षांत त्यांनी या घरात कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तोही बहुतेक पहिल्यांदाच ऐकत होता, कारण त्याने विचारलं, "काय?"

"नाही म्हटलं. एकटीला नाही जमणार. तुझी पाळी बदलून घे."

"अगं, दुपारची पाळी? दुपारच्या पाळीला सगळे नवे लोक असतात. मला सुपरवायझर करायचं चाललंय. आत्ता पाळी बदल म्हटलं तर..." तो माझ्याकडे वळला. "तू मॅडमना विचार ना, आणखी पंधरा दिवस."

"विचारलंय. तीनदा विचारलंय. आता माझं टेबल साफ करून ठेवलंय." माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "लॅब सकाळी सातला उघडते. मी लवकर जाईन, दुपारी येईन. सकाळी तू घरी. तू धावायचं, आई बसून खेळवतील. दुपारी तू जा. यात कुणाचं काय बिघडतं?"

"बघतो," तो म्हणाला.

हा शब्द मी किती वर्षं ऐकतेय. गळका नळ, खचलेली गादी, न्हाणीघरातली ती गुळगुळीत लादी, सगळं तो बघतोच आहे.

"आत्ता बघ," मी म्हणाले.

तेवढ्यात आईंचा मोबाइल वाजला. व्हिडिओ. ताई. आईंनी तो नेहमीप्रमाणे इतका जवळ धरला की पलीकडे नुसतं कपाळ दिसत असणार.

"आई, घेतलीस का माझी? दाखव बरं."

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी काहीच केलं नाही. मान हलवली असती तर ते माझ्यासाठी झालं असतं.

"नाही घेतली."

"का गं? संपली? मी दुसरी पाठवते."

"नको पाठवूस. मला नाही मानवत."

"असं कसं? सगळ्यांना मानवते! माझ्या सासूबाई..."

"त्यांना मानवत असेल. मला पोट बिघडतं. जीभ भाजते." आईंचा आवाज थोडा कापत होता, पण वाक्य त्यांनी पुरं केलं. "आणि बेटा, ती खाऊन वर छान आहे म्हणायचं, तेही नाही मानवत."

पलीकडे ताई काही तरी लांबलचक बोलायला लागली. आईंनी फोन मांडीवर उलटा ठेवला आणि ढमीला डबा उघडून दाखवू लागल्या. मी तेवढ्यात ढमीच्या ओठांची लाली पुन्हा बघून घेतली. कमी झाली होती. निदान मला तसं वाटलं.

नवरा उठला. खिशातून फोन काढून गॅलरीत गेला आणि दार अर्धं लोटून घेतलं. तरी सगळं ऐकू येत होतं. आमचं घर लहान आहे.

"नमस्कार सर. सर, ते पाळी बदलून मिळेल का, दुपारची... हो सर, माहीत आहे... नाही, घरी आजारी कुणी नाही. म्हणजे आहे, पण ते कारण नाही." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. रेलिंगवर बोट आपटत होता. "मूल सांभाळायचंय सर, सकाळी. नाही सर, बायको नाही. मी. हो... हो सर, माझंच मूल आहे."